समुद्रावरून काही?

मार्च महिन्यात साल्टनेसच्या किनाऱ्यावर ईशान्येचा वारा एकदा सुटला की चार-पाच दिवस कुणाचं ऐकत नाही. सहासष्ट सालचा तो वारा रविवारी संध्याकाळी सुटला. मंगळवारी सकाळी क्लेमंट थरगुड किनाऱ्यावरच्या सरकारी बिनतारी ठाण्यात कामावर बसला, तेव्हा खिडकीच्या काचांवर वाळू तडतडत होती.

क्लेमंटचं काम ऐकण्याचं. हेडफोन लावून बसायचं आणि जहाजं काय म्हणतात ते टिपायचं. कुणाला डॉक्टर हवा, कुणाला ओढून आणायला बोट हवी, कुणा कप्तानाला घरी मुलगी झाली, ते जिथल्या तिथे पोचवायचं. सत्तावीस वर्षं तो हेच करत आला होता. बुडत्या बोटीवरची सात माणसं एकदा क्लेमंटच्या कानांनी वाचवली, असं गावात अजून सांगत.

दहा वाजून चौदा मिनिटांनी हेडफोनमध्ये आवाज आला.

"साल्टनेस रेडिओ, साल्टनेस रेडिओ, ही लॉरेटा."

क्लेमंटने भिंतीकडे पाहिलं. पाहायची गरज नव्हती, तिथे टाचलेला कागद त्याला पाठ होता. हद्दीबाहेर नांगर टाकून गाणी प्रक्षेपित करणाऱ्या जहाजांना, जिवाला धोका असल्याखेरीज, कोणतीही सेवा देऊ नये.

देशात रेडिओ एकच, सरकारी. त्यावर गाणी किती, कधी आणि कुठल्या वळणाची, ते लंडनमधले जाणते लोक ठरवणार आणि घरोघरच्यांनी परवाना काढून तेवढंच ऐकायचं. मग काही उपद्व्यापी मंडळींनी एक जुनं मालवाहू जहाज विकत घेतलं, त्यावर देवळाच्या कळसाला लाजवील अशी उंच डोलकाठी उभारली, आणि कायद्याचा हात तीन मैलांवर जिथे संपतो त्याच्या जरा पलीकडे जाऊन सकाळपासून गाणी सुरू केली. पोरं वेडी झाली. सरकार संतापलं. जहाज धरता येईना, तेव्हा निदान त्याची किनाऱ्याशी बोलण्याची वाट तरी बंद करून टाकली.

"लॉरेटा, साल्टनेस ऐकतंय," क्लेमंट म्हणाला. "बोला."

पलीकडे क्षणभर नुसती खरखर. मग तोच आवाज, पण आता घरातला.

"क्लेमकाका, तुम्हीच ना? मी रूबेन. बा आजारी आहे म्हणून रविवारी सामानाच्या बोटीवरच्याने सांगितलं. त्यानंतर बोट येईना झाली, वारा असा. मला उतरता येत नाही. बा कसा आहे, एवढंच सांगा."

बा कसा आहे ते क्लेमंटइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आदल्या दुपारी तो त्याच्या खाटेपाशी तासभर बसून आला होता.

"लॉरेटा," तो म्हणाला, "तुमच्या जहाजावर कुणाच्या जिवाला धोका आहे का?"

"जहाजावर नाही, काका. बाच्या आहे."

"मग सेवा देता येत नाही."

"काका, दोन शब्द. बरा आहे की नाही. हो म्हणा, नाही म्हणा."

"सेवा देता येत नाही, लॉरेटा. साल्टनेस बोलणं संपवतंय."

त्याने बोलायची कळ सोडली. नोंदवहीत लिहिलं: दहा-चौदा, लॉरेटा, खाजगी विचारणा, आदेशानुसार नकार. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं. शेजारच्या खोलीत ठाण्याचा प्रमुख बर्नार्ड कीबल शेगडी उकरत होता. मध्ये एक उघडं दार. "कीबल, जरा इकडे ये, अशी अशी गोष्ट आहे," एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? क्लेमंट उठला नाही.

आता हा इनॉक गॅरड, रूबेनचा बाप, कोण म्हणाल तर साल्टनेसच्या चॅपेलचा सूर. त्या चॅपेलात ऑर्गन नव्हता, नको होता. देवाने माणसाला गळा दिलाय तो पेटी वाजवायला नाही, असं तिथलं मत. उपासनेत गीत आलं की इनॉक उठायचा, कोटाच्या खिशातून पोलादाचा सूरकाटा काढायचा, गुडघ्यावर आपटून कानाशी धरायचा, आणि त्या बारीकशा गुणगुणीतून असा भरदार सूर उचलायचा की दीडशे माणसं आपोआप उभी राहायची. त्याच्या डाव्या हाताला क्लेमंट. तीस वर्षं. वरचा सूर इनॉकचा, खालचा क्लेमंटचा. इनॉकने स्वतः एक चाल बांधली होती, गावातल्याच एका शिक्षिकेने लिहिलेल्या गीताला. 'दार लोटलेलं आहे, कडी घातलेली नाही' असे शब्द होते त्याचे. देवाच्या घराचं गीत. पावसापाण्यात बोटी घेऊन गेलेल्यांच्या बायका ते गाताना डोळे पुसायच्या.

आणि त्याच इनॉकने दोन वर्षांपूर्वी पोराला दारात थांबवून सांगितलं होतं, "त्या जहाजावर आहेस तोवर तुझं नाव माझ्या तोंडी येणार नाही." रूबेन गाणी वाजवणारा नव्हे, साधा स्वयंपाकी. अंडी तळायचा, मटण शिजवायचा. पण चॅपेलने त्या जहाजाविरुद्ध ठराव केलेला, रविवारीसुद्धा त्याची गाणी थांबत नव्हती, आणि सूर लावणाऱ्याचंच पोर तिथे राबतंय म्हटल्यावर इनॉकची मान खाली गेली होती.

या माणसांची एक रीत होती. तोंडातून गेलेला शब्द म्हणजे खिळा. एकदा ठोकला की ठोकला, मग त्यात आपलाच कोट अडकून फाटला तरी चालेल. इनॉकने दोन वर्षांत पोराचं नाव घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं नाही, असं मात्र नव्हे.

दुपारी दोन ते तीन भेटायची वेळ. क्लेमंट सकाळची पाळी संपवून इस्पितळात गेला. छोटं गावचं इस्पितळ, एका दालनात आठ खाटा. प्रत्येक उशीशी भिंतीला टांगलेला कानाला लावायचा फोन, त्यात सरकारी रेडिओ तेवढा येणार. इनॉकच्या दोन्ही फुप्फुसांत पाणी झालं होतं. श्वास ओढला की आत ओली वाळू हलल्यासारखा आवाज व्हायचा. पण डोळे लख्ख.

"आलास, क्लेम?"

"आलो. सूप घेतलंस का?"

"दोन चमचे. ती परिचारिका चमचा असा पुढे करते, जसं मी काही घोडा आहे." तो थांबला, श्वास गोळा केला. मग छताकडे बघत अगदी सहज म्हणाला, "समुद्रावरून काही?"

हा प्रश्न तो शनिवारपासून रोज विचारत होता. नाव घ्यायचं नाही म्हणून एवढाच. क्लेमंटला त्याचा अर्थ कळत होता, आणि त्याला कळतोय हे इनॉकलाही कळत होतं.

कालपर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतंच. आज होतं. आज सकाळीच होतं. क्लेमंटच्या जिभेवर आलंसुद्धा. पण एकोणचाळीस साली नोकरीला लागताना त्याने एका कागदावर सही केली होती: हवेतून कानावर येईल ते ज्याचं त्यालाच, तिसऱ्याला नाही. सत्तावीस वर्षांत त्याने ते बायकोपाशीसुद्धा मोडलं नव्हतं. आणि आता, सेवा नाकारलेल्या जहाजाचा निरोप...

"ईशान्येचा वारा," तो म्हणाला. "जोर आहे. बोटी आतच आहेत."

"हं," इनॉक म्हणाला. थोड्या वेळाने त्याने क्लेमंटच्या हातावर हात ठेवला. तापाने भाजणारा हात. "तुझे नियम मला ठाऊक आहेत. मी काही तुला विचारत नाहीये. नियम तो नियम."

विचारत नाहीये म्हणाला, आणि विचारून झालं होतं. क्लेमंट घरी परतताना वाटेत दोनदा थांबला. दोनदाही पुन्हा चालायला लागला.

घरात तो आणि मुलगी जिल, दोघंच. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. जिल सतरा वर्षांची, बेकरीत कामाला. पहिल्या पगारातून तिने अर्ध्या विटेएवढा एक ट्रान्झिस्टर घेतला होता आणि त्यावर लॉरेटा लावायची. क्लेमंट "बंद कर ते" असं म्हणायचा, तेही रोज नाही, आणि ती आवाज कमी करायची, तोही फार नाही. असा त्या घरात करार होता.

त्या संध्याकाळी चहाला बसले असताना गाणं मध्येच संपलं आणि तो रस्टी लेन नावाचा निवेदक बोलू लागला. एरवी त्याच्या बोलण्यात चार वाक्यांना तीन विनोद असायचे. आज नव्हते.

"मंडळी, आमच्या जहाजावर एक बल्लवाचार्य आहे. त्याच्या हातचं खाऊन आम्ही जिवंत आहोत, हीच त्याची मोठी करामत. त्याचे वडील साल्टनेसच्या इस्पितळात आजारी आहेत. वाऱ्यामुळे त्याला उतरता येत नाही. आज सकाळी आम्ही किनाऱ्यावर विचारलं, की बाबा, म्हातारा कसा आहे तेवढं सांगा. किनाऱ्याने सांगितलं, कुणाच्या जिवाला धोका नाही. असो. तर उद्या दुपारी अडीच वाजता आमचा स्वयंपाकी स्वतः, इथे, या माइकपुढे, वडिलांनीच बांधलेलं एक गीत म्हणणार आहे. साल्टनेसमध्ये कुणी ऐकत असेल तर एक ट्रान्झिस्टर त्या खाटेपर्यंत न्या. कानाशी धरा. आम्ही तुमचे पाय धरतो."

जिलच्या हातातली सुरी लोण्यातच राहिली.

"इनॉककाका. बाबा, हे रूबेनचं आहे."

"हो."

"आणि असं म्हणाले? जिवाला धोका नाही म्हणून? असा कोण दगड बसला होता तिथे?" मग तिचा चेहरा बदलला. "सकाळी तुम्ही होतात ना?"

टोस्टचा तुकडा क्लेमंटच्या तोंडात कोरडा पडला होता. त्याने तो चावला, गिळला, वर चहाचा घोट घेतला.

"कीबल होता यंत्रावर," तो म्हणाला. "मी नोंदी लिहीत होतो."

का म्हणाला असेल? मुलीच्या डोळ्यांत आपण दगड होऊ नये म्हणून. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी. खोटं इतकं सहज बाहेर आलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. सत्तावीस वर्षं ज्या तोंडाने गुप्तता पाळली, ते तोंड दुसऱ्यावर ढकलायला एक क्षणही थांबलं नाही.

"कीबलकाका असे असतील वाटलं नव्हतं," जिल म्हणाली. मग तिने ट्रान्झिस्टर उचलला, बंद केला आणि त्याच्या ताटलीशेजारी ठेवला. "उद्या तुम्ही न्या. मला दुपारची सुट्टी मिळणार नाही. न्याल ना?"

"नेईन," क्लेमंट म्हणाला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला हलकं वाटलं. देवाने दुसरी वाट उघडून दिली, असं वाटलं. निरोप आपण पोचवायचा नाही, नुसती एक कळ फिरवायची. सही केलेल्या कागदालाही ते मोडत नव्हतं.

बुधवारी सव्वादोनला तो दालनात पोचला. हातात कापडी पिशवी. तळाशी ट्रान्झिस्टर, त्यावर सहा संत्री. आणि खाटेपाशी खुर्चीवर मिसेस फिस्क बसलेल्या. चॅपेलचा कारभार पाहणाऱ्या डीकनची बायको. जहाजाविरुद्धचा ठराव त्यांच्या नवऱ्याने मांडला होता, आणि लिहिला त्यांनी होता म्हणतात. स्वभावाने वाईट नव्हत्या. इनॉकसाठी वाटीभर जेली घेऊन आल्या होत्या.

"या, बंधू थरगुड," त्या म्हणाल्या. "बंधू गॅरडना मी आत्ता सांगत होते, रविवारी तुम्हीच सूर लावलात. छान लावलात. जरा खाली लागला."

"खाली लागला?" इनॉकने डोळे उघडले. श्वास आता आखूड झाला होता, शब्दागणिक तुटत होता. "मी म्हणतो त्याला... सूर वर घे. खाली लावला की माणसं... झोपतात."

"काय आणलंत?" मिसेस फिस्कनी पिशवीकडे पाहिलं.

"संत्री," क्लेमंट म्हणाला.

खोटं नव्हतं. संत्री होतीच.

दालनाच्या टोकाला गोल घड्याळ होतं. दोन वाजून बावीस. क्लेमंट मनात म्हणाला, आता या उठतील. त्या उठल्या नाहीत. जेली कशी करायची ते सांगत राहिल्या. दोन सव्वीस. त्याने पिशवी मांडीवर घेतली. संत्र्यांमधून हात आत घातला. ट्रान्झिस्टरचं गार कातडी वेष्टण लागलं, मग कडेचं दातेरी चाक. जिलने जहाजाच्या जागी काटा लावूनच दिला होता. अंगठा एवढासा फिरवला की झालं. मिसेस फिस्क काय म्हणाल्या असत्या? फार तर, "बंधू थरगुड, हे काय?" आणि रूबेनचा आवाज ऐकल्यावर तेवढंही म्हणाल्या नसत्या. ती बाई माणूस होती. पण क्लेमंटला ते त्या वेळी सुचलं नाही. त्याला दिसत होतं ते इतकंच, की सरकारी माणूस, चॅपेलचा माणूस, पिशवीतून ते यंत्र काढतोय आणि आठ खाटांवरची माणसं बघतायत.

अडीच.

अंगठा चाकावर होता. तिकडे चार मैलांवर, हेलकावणाऱ्या जहाजात, एक पोर उभं राहून गात होतं. इकडे पिशवीत, त्याच्या बोटाखाली, ते सगळं गाणं होतं आणि मुकं होतं. दोन एकतीस. दोन बत्तीस. इनॉकने मान वळवली.

"क्लेम. समुद्रावरून काही?"

मिसेस फिस्कनी जेली ढवळली. क्लेमंट म्हणाला, "काही नाही, इनॉक."

काल त्याने निदान वारा सांगितला होता.

इनॉक बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. रागाने नव्हे. मग उशीखाली हात घालून त्याने सूरकाटा काढला आणि क्लेमंटच्या मांडीवर, त्या पिशवीवर ठेवला. "रविवारी लागेल तुला," तो म्हणाला. "वर घे."

तीनला घंटा झाली. बाहेर पडल्यावर फाटकाशीच दूधवाला भेटला. त्याचे डोळे लाल होते. "ऐकलंत का हो? गॅरडचं पोर गात होतं. मी गाडी उभी करून ऐकलं. शेवटी शेवटी आवाज फुटला त्याचा, पण सोडलं नाही पठ्ठ्याने." कोपऱ्यावरच्या दुकानात तेच. बेकरीत तेच. अख्ख्या किनाऱ्याने ऐकलं होतं. नऊशे लोकवस्तीच्या गावात जेवढे कान होते तेवढ्यांना ते पोचलं, एका खाटेवरचे दोन सोडून.

जिल बेकरीतून धावत आली. "ऐकलं त्यांनी? बाबा, काय म्हणाले?"

तिच्या तोंडाकडे बघून क्लेमंटने मान हलवली. वरखाली. तेवढंच. जिलने ॲप्रनमध्ये तोंड लपवलं आणि रडली, आणि मग त्याचा हात धरून म्हणाली, "तुम्ही किती चांगले आहात."

गुरुवारी पहाटे इनॉक गेला.

शुक्रवारी वारा पडला. कीबलने ठाण्यात चहा ओतताना विषय काढला. "ते लॉरेटाचं मी मंगळवारच्या नोंदीत वाचलं. अरे, मला विचारायचं होतंस."

"आदेश आहे," क्लेमंट म्हणाला.

"आदेश आहे ना. मी दहा मिनिटं कोळसा आणायला गेलो असतो. मी नसताना तू यंत्रावर काय पुटपुटलास, मला कसं कळणार?" त्याने साखर ढवळली. "माझा बाप वारला तेव्हा मी दूर माल्टात होतो. बरं, ते जाऊ दे. तुझ्या पोरीला काय झालंय? काल बेकरीत मला बघून तोंड फिरवलंन. पाव असा फेकला जसा कुत्र्याला. मी काय केलं तिचं?"

"वय आहे तिचं," क्लेमंट म्हणाला.

त्या दिवशी त्याला कळलं, की आडवा आला तो नियम नव्हता. नियमाच्या शेजारच्या खोलीत एक माणूस बसला होता, दार उघडं ठेवून. इनॉकच्या गीतातलंच ते दार, कडी नसलेलं. कडी क्लेमंटने स्वतःच आतून घातली होती.

सोमवारी दफनविधी. शनिवारीच सामानाची बोट लॉरेटापर्यंत जाऊन आली होती. रूबेन चॅपेलच्या फाटकाशी उसन्या काळ्या कोटात उभा होता, बाह्या आखूड. वळणावर येतो तोच क्लेमंटने पाहिलं, की जिल रूबेनशी काहीतरी बोलतेय, हातवारे करून, कानाशी हात धरून. काय सांगतेय ते ऐकू यायची गरज नव्हती.

रूबेन पुढे आला आणि त्याने क्लेमंटचे दोन्ही हात धरले.

"काका, मला वाटलं होतं तुम्ही... मंगळवारी मी फार वाईट बोललो तुम्हाला. मनात. आणि तुम्हीच..."

घंटा झाली. लोक आत जाऊ लागले. क्लेमंटने हात सोडवून घेतले.

आत डीकन फिस्कनी त्याला खूण केली. क्लेमंट उठला, सूरकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला. इनॉकचंच गीत होतं. आता कुणाला वाटेल, की त्याचा गळा दाटला असेल, सूर फुटला असेल. तसं काही झालं नाही. सूर स्वच्छ लागला, नेमका तिथे, वर. दीडशे माणसं उभी राहिली. त्याचा आवाज जरासुद्धा कापला नाही, आणि गाता गाता क्लेमंटला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली. बाहेर पडताना मिसेस फिस्क म्हणाल्या, "आज खाली लागला नाही."

चॅपेलमागच्या खोलीत चहा आणि हॅमचे सँडविच होते. क्लेमंटने रूबेनला शोधलं तर तो मागे मोरीपाशी, कोट काढून, बाह्या सारून कपबश्या धूत होता. सवय. माणसं जेवली की भांडी त्याची.

"रूबेन," क्लेमंट म्हणाला, "त्याने ऐकलं नाही."

रूबेनने कप पाण्यातच धरला.

"यंत्र माझ्या पिशवीत होतं. संत्र्यांखाली. चाकावर बोट होतं माझं. मिसेस फिस्क बसल्या होत्या म्हणून मी ते फिरवलं नाही. नंतर जिलला खोटं सांगितलं. मंगळवारी तू विचारलंस तेही मी त्याला सांगितलं नाही. तो विचारत असतानासुद्धा."

मग रूबेन हळूच म्हणाला, "विचारत असताना?"

"अं?"

"बा विचारत होता? काय विचारत होता?"

"तुझं नाव घेत नव्हता. शब्द दिला होता ना त्याने. 'समुद्रावरून काही?' असं म्हणायचा. छताकडे बघत. जसं काही सहजच."

"कितींदा?"

"रोज. पहिल्या दिवसापासून. शेवटच्या दिवशी अडीच वाजून दोन मिनिटांनी."

रूबेनने कप बाहेर काढला, फडक्याने पुसला, आणि पुसतच राहिला. "माझा समज होता," तो म्हणाला, "की तो मेला तरी विचारायचा नाही." मग म्हणाला, "तुम्ही काय सांगायचात?"

"ईशान्येचा वारा आहे म्हणून."

रूबेनच्या तोंडून हसल्यासारखा काहीतरी आवाज आला. "होताच की तो," तो म्हणाला. त्याने कप ठेवला, दुसरा घेतला. त्याने क्लेमंटकडे पाहिलं नाही. "मंगळवारी मी विचारलं होतं, बा कसा आहे. ते सांगा आता."

क्लेमंट ताठ उभा राहिला. यंत्रापुढे बसतो तसा. आणि त्याने निरोप पोचवला, सहा दिवस उशिरा: श्वास ओला, ताप एकशेतीन, डोळे लख्ख. सूप दोन चमचे. परिचारिकेवर राग, आपण घोडा नाही म्हणून. हात गरम. माणसं ओळखतोय. समुद्राची चौकशी करतोय.

"बरं," रूबेन म्हणाला. त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं, ते त्याने पुसलं नाही.

क्लेमंटने खिशातून सूरकाटा काढून मोरीच्या कठड्यावर ठेवला. "हा तुझा."

"राहू द्या तुमच्याकडे. मला त्याचं काय? सूर तर तुम्ही बरोबर लावलात." हे बोलणं गोड नव्हतं. मायेचंही नव्हतं. "जा आता, काका. मला ही भांडी आटपू द्या."

क्लेमंट वळला. दारात जिल होती, हातात रिकाम्या कपांचा ट्रे. ती कधीपासून उभी होती ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने ट्रे रूबेनशेजारी ठेवला. बापाच्या अंगाला अंग लागू न देता ठेवला.

"मंगळवारी यंत्रावर कोण होतं?" तिने विचारलं.

"मी."

"मी कीबलकाकांना पाव फेकून दिला."

"माहीत आहे."

ती फडकं उचलून कप पुसायला लागली, रूबेनच्या बाजूला, पाठ करून.

पुढच्या खोलीत बर्नार्ड कीबल खिडकीपाशी सँडविच खात उभा होता, मिसेस फिस्कना माल्टाची काहीतरी गोष्ट सांगत. भोवती निम्मं चॅपेल. क्लेमंटला वाटलं, उद्या ठाण्यात सांगावं, दोघंच असताना. तिथे दार आहे, शेगडी आहे. मग त्याला जाणवलं, की पिशवीत हात घालून बसला होता तेव्हाही आपण हाच विचार करत होतो: कुणी बघत नसताना.

तो माणसांमधून वाट काढत खिडकीकडे निघाला. कीबलने त्याला येताना पाहिलं आणि हसून जरा बाजूला सरकला, त्याला जागा करून द्यायला.